सदोबाचे स्वच्छ आरसे

शिरवाडी नावाच्या एका गावात सदोबा नावाचा एक भोळा ड्रायव्हर राहत होता. त्याच्या अंगी कपट नव्हते, व्यसन नव्हते, आळसही नव्हता. सांगितलेले काम तो सांगितल्याप्रमाणेच करी, आणि सारी अडचण तेथेच होती. गावचे कीर्तनकार दामोदरबुवा यांच्या पांढऱ्या गाडीचे सारथ्य त्याच्याकडे होते. साधकाची गुरुवचनावर असावी तशी त्याची बुवांच्या शब्दावर निष्ठा होती. शब्दाच्या पलीकडे मात्र तो जन्मात कधी गेला नाही.

श्रावणाचे दिवस होते. घाटापलीकडच्या देवळोली गावात गोकुळाष्टमीचा उत्सव होता आणि दुसऱ्या दिवशीचे काल्याचे कीर्तन बुवांकडे होते. देवळोलीची रीत अशी, की अष्टमीचा उपवास कोणी आपापल्या घरी सोडत नाही. दुपारी बाराच्या ठोक्याला कीर्तनकाराने दहीहंडी फोडायची, काला हातावर पडायचा, आणि मगच गावात पाने मांडायची. बुवा पोहोचले नाहीत, तर लहानथोर सारा गाव उपाशी. अकरा वर्षांत बुवांना एकदाही उशीर झाला नव्हता.

उत्सवाच्या दोन दिवस आधी बुवा बाजारातून परतत होते. पाऊस लागला होता. मागून एक ट्रक बराच वेळ हॉर्न वाजवीत होता.

"सदोबा, मागे कोण आहे ते दिसत नाही का तुला?"

"नाही बुवा. आरशांवर पाणी आहे."

"मग पुसावं. पाणी दिसलं की पुसावं."

सदोबाने गाडी कडेला घेतली. उतरून डावा आरसा पुसला. वळसा घालून उजवा पुसला. तेवढ्यात डावा भिजला, म्हणून तो पुन्हा डावीकडे गेला. बुवांनी विष्णुसहस्रनाम म्हणावयास घेतले. सहस्र नामे संपली, ट्रक केव्हाच पुढे निघून गेला, तरी सदोबाची प्रदक्षिणा चालूच होती.

"अरे, हे काय चाललंय?"

"एक पुसला की दुसऱ्यावर दिसतं, बुवा. पण तुम्ही काळजी करू नका, मी दमलो नाही."

"असं थांबून पुसत बसायचं नसतं. निघण्याआधीच काचेवर कापलेला बटाटा घासावा. मग थेंब ठरत नाही. नीट ध्यानात ठेव. काच म्हटली की आधी बटाटा."

सदोबाने ते नीट ध्यानात ठेवले.

अष्टमीला बुवांच्या पत्नी माई यांनी उपवासाच्या भाजीसाठी दोन किलो बटाटे आणून ठेवले. दुपारी पाहतात तो टोपली रिकामी.

"सदोबा, बटाटे कुठे गेले रे?"

"काचांना लागले, माई."

"सगळे? दोन आरशांना?"

"आरशांना एकच लागला. पण तुमच्या घरात काचा फार."

आणि खरोखरच त्याने एकही काच वगळली नव्हती. खिडक्या झाल्या होत्या, कपाट झाले होते, घड्याळ झाले होते. देवघरातल्या तसबिरींतला बाळकृष्ण धुक्यात रांगत असल्यासारखा दिसत होता. इतक्यात बुवांनी पोथी उघडली, चष्मा लावला, आणि तो काढून बोटाने चाचपला.

"चष्म्यालासुद्धा?"

"काचच आहे ना बुवा."

माई म्हणाल्या, "आता आम्ही खायचं काय, ते सांग."

"ते मला नाही सांगितलं कोणी. पण पाणी मात्र कुठे ठरणार नाही."

बुवा शांतवृत्तीचे होते. त्यांनी चष्मा धुतला, उपरण्याने पुसला आणि आपल्याजवळच ठेवून घेतला. मग समजावून सांगितले, "सदोबा, चष्म्याला बटाटा फासत नाहीत. जी वस्तू भिजू नये असं वाटतं, ती झाकून ठेवावी. पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावं. कळलं?"

"कळलं," सदोबा म्हणाला, आणि त्याचे समाधान झालेले पाहून बुवांचेही झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नामस्मरण करीत बुवा गाडीत बसले. घाट लागला आणि आभाळ ओतू लागले.

"आरसे कसे आहेत रे?"

"कोरडे ठणठणीत, बुवा."

"देवाची कृपा. मागून कोणी येतंय का?"

"ते नाही सांगता येत."

"का?"

"आरशात पिशवी दिसते."

बुवांनी काच खाली करून डोकावले. दोन्ही आरसे साखरेच्या प्लास्टिकच्या पिशव्यांत होते आणि पिशव्यांची तोंडे सुतळीने आवळली होती.

"अरे, झाकलेल्या आरशाचा उपयोग काय?"

"भिजत नाही, बुवा."

घाटमाथ्यावर बुवांनी गाडी थांबवायला सांगितली. छत्री उघडून ते स्वतः खाली उतरले. सुतळीच्या गाठी सोडविण्यात पाऊण तास गेला, कारण सदोबाने घट्ट म्हणजे घट्टच बांधले होते. मग बुवांनी पडशीतला कोरडा साबण काढून आरशांवर घासला, फडक्याने लख्ख पुसला. थेंब काचेवर पडे आणि घरंगळून जाई. बुवांनी घड्याळ पाहिले. साडेनऊ झाले होते.

"आता नीट ऐक," ते म्हणाले. "मी मागे जाऊन उभा राहतो. तू आरशात बघ. मी स्वच्छ दिसलो, की निघायचं. दहाला कीर्तन सुरू व्हायचंय, फार उशीर झालाय. आता वाटेत कशासाठीही थांबायचं नाही."

बुवा मागे जाऊन उभे राहिले. सदोबाने आरशात पाहिले. छत्री दिसली, उपरणे दिसले, कपाळावरचा बुक्का दिसला. इतके स्वच्छ दर्शन त्याला आजवर घडले नव्हते. त्याने गिअर टाकला आणि तो निघाला.

बुवांनी हात वर केले. तेही दिसले. मग ते धावू लागले. धावता माणूससुद्धा किती स्पष्ट दिसतो, याचे सदोबाला मोठे कौतुक वाटले. पुढे वळण आले आणि बुवा दिसेनासे झाले, पण त्यात आरशाचा काही दोष नव्हता.

साडेदहाला गाडी देवळोलीच्या देवळापुढे उभी राहिली. उत्सवाचे प्रमुख आत्माराम पाटील हार घेऊन पुढे आले आणि त्यांनी गाडीचे दार उघडले. आत पडशी होती.

"बुवा कुठे आहेत?"

"घाटात."

"घाटात काय करताहेत?"

"शेवटचं पाहिलं तेव्हा पळत होते."

पाटलांनी हार दुसऱ्याच्या हातात दिला. मंडपात गाव दाटीने बसला होता. पोरे आईच्या मांडीवर मलूल पडली होती, म्हातारे टेकून बसले होते, आणि हंडीतल्या दह्याकडे सारे टक लावून पाहत होते.

"सदोबा, बाबा रे, कालपासून अन्नाचा कण नाही कोणाच्या पोटात. असाच माघारी फिर. बुवांपर्यंत जा आणि लगेच परत ये. वाटेत कुठे थांबू नकोस. बाराच्या आत इथे पाहिजेस."

सदोबाने विसरू नये म्हणून घोकून घेतले. "बुवांपर्यंत जायचं. परत यायचं. थांबायचं नाही. बाराच्या आत."

"अगदी बरोबर."

बाराला पाच कमी असताना गाडी धुरळा... नव्हे, चिखल उडवीत आली. शंख वाजला, मृदंगावर थाप पडली, मांडीवरची पोरे उठून बसली. पाटलांनी धावत जाऊन दार उघडले. आत पडशी होती.

"बुवा सापडले नाहीत?"

"सापडले ना. दोनदा भेटले. जाताना समोरून, येताना आरशात. दोन्ही वेळा मी मान लववून नमस्कार केला."

"मग गाडीत का नाही घेतलंस त्यांना?"

"थांबायचं नव्हतं ना पाटील."

देवळातले घड्याळ बाराचे ठोके देऊ लागले. पाटील मंडपाच्या पायरीवर खाली बसले. त्यांचा चेहरा पाहून सदोबाला वाईट वाटले. तो जवळ गेला आणि धीर देत म्हणाला,

"काळजी करू नका पाटील. बुवा निम्मा घाट उतरलेत. आरसा इतका स्वच्छ होता, की त्यांच्या पायांत एकच चप्पल उरलीय, हेसुद्धा दिसलं."