रंगारणीने पोचवलेली भाकर

फार पूर्वी, ख्रिस्ताला मानणारी माणसं अजून एकमेकांच्या घरीच जमत असत, तेव्हा समुद्रकाठच्या एका शहरात एक रंगारीण राहायची. शिंपले उकळून जांभळा रंग काढायचा, हा तिचा धंदा. राजेरजवाडे त्या रंगावर जीव टाकत, पण रंगारणीच्या वाऱ्यालाही कुणी उभं राहत नसे. तिच्या अंगाला शिंपल्यांचा उग्र वास यायचा आणि हात कोपरापर्यंत जांभळे. प्रार्थनेला ती आपली दाराशीच बसे.

एका रविवारी पहाटे प्रार्थना झाली, भाकर मोडून सगळ्यांना वाटली. आजाऱ्यांचा वाटा घरी पोचवायची तिथे रीत होती. प्रार्थना चालवणाऱ्या वृद्ध वडीलधाऱ्यांनी एक वाटा फडक्यात बांधला आणि थेट रंगारणीपुढे धरला.

“पोरी, गल्लीच्या टोकाला ती आजारी म्हातारी आहे ना, तिला नेऊन दे. दोन रविवार झाले, ती कुणालाच दार उघडत नाही.”

“मी, बाबा? अहो, माझे हात तरी बघा!”

“बघितले की. नीघ आता.”

रंगारीण निघाली खरी, पण वाटेत विहिरीवर थांबली. देवाची भाकर असल्या हातांनी न्यायची? तिने राखेने घासलं, वाळूने घासलं, कातडी सोलवटली. रंग काही हटेना. घासता घासता ऊन डोक्यावर आलं, तेव्हा ती भानावर आली. ‘म्हातारी तिकडे एकटी पडलीय, आणि मी इथे हात घासत बसलेय!’ ती तशीच धावत सुटली.

तिने दार ठोठावलं. फटीतून एक डोळा तिच्या हातांकडे बघत राहिला. मग कडी निघाली.

आत अंथरूण घाण झालेलं, खोलीत दुर्गंधी. म्हातारी ओशाळून म्हणाली, “आधी आल्या त्या सगळ्या धुतल्या तांदळासारख्या बायका. त्यांना हे कसं दाखवू गं? तुझे हात बघितले आणि म्हटलं, हिला चालेल.”

रंगारणीला हसूही आलं आणि रडूही. तिने त्याच हातांनी म्हातारीला भाकर भरवली, अंथरूण बदललं, तिचं तोंड पुसलं. म्हातारी कितीतरी दिवसांनी शांत झोपली.

पुढच्या रविवारी त्या वडीलधाऱ्यांनी फडकं उचललं, तर रंगारीण आधीच समोर उभी होती, दोन्ही हात पुढे करून.

तात्पर्य: देव आपले हात आहेत तसे बघूनच आपल्याला बोलावतो; ते स्वच्छ व्हायची वाट आपण बघत बसलो, तर दाराआडचं माणूस तसंच राहतं.