सुभानाचा मोठा थैला

फार जुन्या काळची गोष्ट आहे. राजा कोण होता ते मला विचारू नका. त्या गावात राजाचं तोंड कुणी पाहिलेलंच नव्हतं.

गाव डोंगराच्या पोटात, चहूकडून बंद. बाहेर जायला एकच पायवाट. ती खिंडीत चढायची, पलीकडे उतरायची, मग नदी लागायची आणि नदीपलीकडे पेठ. बाजार पेठेत, आणि निम्म्या गावाच्या लेकीही पेठेतच दिलेल्या. त्यामुळे वाटेला लागणारा माणूस एकटा असला, तरी त्याच्या पाठीवर सगळं गाव असायचं.

कारण तिथली रीतच तशी होती. पेठेला निघणाऱ्याने गल्लीतल्या प्रत्येक उंबऱ्याशी थांबून "येतो" म्हणायचं. न सांगता गेला, तर लोक वर्षभर तोंड फिरवायचे. आणि दारात आलेल्या माणसाला मोकळ्या हाताने कसं पाठवायचं? मग कुणी लेकीसाठी पापड द्यायचं, कुणी नातवासाठी कुंची. देताना एकच वाक्य असायचं, "एवढंसं तर आहे!"

त्या गावात सुभाना नावाचा एक गडी होता. अंगाने दांडगा, मनाने लोण्यासारखा. शेजाऱ्याने पेरणीच्या दिवशी बैल मागितला, तर हा देऊन मोकळा व्हायचा आणि स्वतः बांधावर हात चोळत बसायचा. "नाही" हा शब्द त्याच्या तोंडातून कधी फुटलाच नाही. आता तुम्ही म्हणाल, मग यात वाईट काय? माणूस चांगलाच की! होता ना, चांगलाच होता. पण भीड ही भिकेची बहीण, असं आपले जुने लोक उगाच म्हणत नव्हते. पुढे ऐका.

एका वर्षी थंडीत गावावर धुकं उतरलं ते हटेचना. दुपारीसुद्धा समोरचं घर दिसायचं नाही. त्या धुक्यात सुभानाची बायको मैना आजारी पडली. हुडहुडी भरायची, अंग भाजून निघायचं, घाम यायचा, आणि थोडं बरं वाटतंय म्हणावं तोवर पुन्हा हुडहुडी. सुभानाची थोरली बहीण, तिला सगळे अक्का म्हणत, ती उशाशी बसून होती.

गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आजोबांना बोलावलं. त्यांनी मैनेचे डोळे पाहिले, नखं पाहिली आणि सुभानाला बाहेर नेलं.

"हा खिंडीचा ताप आहे, पोरा. पेठेच्या टोकाला वैदू राहतो, त्याच्याकडे कडू साल मिळते. ती पोटात गेली की माणूस उठतो. पण अमावास्येच्या आत गेली पाहिजे. त्यानंतर साल काय आणि सरपण काय, सारखंच."

सुभानाने वर पाहिलं. धुक्याआड चंद्र अजून अर्धा होता. पाय उचलून चाललं तर जाऊन यायला वेळ पुरेसा होता.

त्याचा जुना थैला उंदरांनी कुरतडला होता. म्हणून तो ठकूबाईकडे गेला. ठकूबाई ही थैले शिवणारी म्हातारी. तिच्या खुंटीवर दोन थैले टांगलेले होते.

एक होता लहानसा, पाठीला चिकटून बसणारा. आत चार भाकरी आणि एक घोंगडी मावली की संपला. दुसरा मात्र बघत राहावं असा! लांबोळका, गोणीएवढा. पट्टे अडकवले की पाठीवर घ्यावा, पट्टे सोडले की खांद्याला लावावा, मधून दुमडला की घोड्यावर टाकावा, आणि सगळ्या गाठी सोडल्या की त्याचंच अंथरूण. बाहेर खिसे, आत खिसे, खिशांच्या आत आणखी खिसे. कातड्याला असं तेल पाजलेलं, की पाण्याचा थेंब आत जायची सोय नाही.

"काय आणायचंय?" ठकूबाईने विचारलं.

"साल आणायचीय. मैनेसाठी."

"केवढी?"

"ओंजळभर पुरे म्हणालेत आजोबा."

"मग हा लहान ने. पाठीवर आहे की नाही ते कळणारही नाही. पळता येईल तुला."

पण सुभानाची नजर मोठ्या थैल्यावरून हलत नव्हती. "हा मोठाच बरा वाटतो गं आजी. चढाला, उताराला, उन्हाला, पावसाला, कशालाही चालेल. कधी कशाची गरज पडेल, सांगता येतं का?"

"थैला चांगलाच आहे रे. मीच शिवलाय, मला ठाऊक नाही का? पण आज तुला तो कशाला हवाय, ते सांग की."

खरं कारण सुभानाला सांगता येईना. त्याच्या डोळ्यांपुढे गल्लीतली दारं होती. लहान थैल्यात भागूकाकीची लोणच्याची बरणी मावली नाही तर? लोक काय म्हणतील? सुभाना एवढा पेठेला गेला आणि आमचं एवढंसं काम केलं नाही, असंच ना?

त्याने मोठा थैला उचलला. ठकूबाईने कपाळावर हात मारला, आणखी काय करणार बिचारी!

सकाळी तो निघाला, तेव्हा मैनेला जरा शुद्ध होती. "मला पेठेहून काही आणू नका," ती म्हणाली. "तुम्ही तेवढे लवकर या."

"हा गेलो आणि हा आलो बघ," सुभाना म्हणाला.

मग गल्ली सुरू झाली. पहिलंच दार भागूकाकीचं. बरणी तयारच होती. पुढच्या घरी बारशाचं दुपटं. त्याच्या पुढे मुगाच्या वड्या, त्याच्या पुढे गुळाची ढेप. एका बाईने तर वरवंटा दिला हो, दगडाचा वरवंटा! "पेठेतले वरवंटे गुळगुळीत असतात म्हणे. आमच्या लेकीला हाच लागतो."

लोक दुष्ट होते असं समजू नका. प्रत्येकाने आधी मैनेची चौकशी केली, आणि मनापासून केली. बायकांनी डोळ्यांना पदर लावला. मग पदर सोडून त्याच हाताने पुरचुंडी पुढे केली.

"जागा आहे ना रे?"

"आहे की," सुभाना म्हणायचा. आणि जागा खरंच होती! तीच तर पीडा होती.

अक्का गल्लीच्या टोकापर्यंत आली होती. तिने त्या फुगलेल्या थैल्याकडे पाहिलं. "सुभाना, अरे तू औषधाला निघालायस की वऱ्हाड घेऊन?"

"अक्का, वाटेवरचीच तर घरं आहेत सगळी. जाता जाता देईन."

खिंडीची चढण पळत चढायची होती. ती त्याने थांबत थांबत चढली. पट्टे खांद्यात रुतले. नदीच्या उतारावर बरणी फुटू नये म्हणून जपून पाऊल टाकावं लागलं. पेठ गाठायला पाहिजे होता त्याच्या दुप्पट वेळ गेला.

सुभानाने मनाशी ठरवलं होतं, आधी वैदूकडे जायचं. पण पहिलं घर वाटेवरच लागलं. म्हटलं, बरणी देऊ आणि ओझं हलकं करू. भागूकाकीची लेक धावत बाहेर आली. माहेरचं माणूस पाहून तिचा आनंद मावेना.

"जेवल्याशिवाय जायचं नाही हं दादा! माहेरचं माणूस दारातून उपाशी गेलं, तर सासरी मला तोंड राहील का?"

"अगं, घरी मैना..."

"वहिनीला काही होत नाही! पाट मांडलाय मी."

बसला. काय करणार? मग ती म्हणाली, बरणी रिकामी कशी पाठवू, आणि तीत तिने तूप भरून दिलं. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी पुरणाचा घाट घातला. लेकी एकमेकींकडून ऐकून आपणच दारात उभ्या राहू लागल्या. "तिच्याकडे जेवलात आणि माझ्याकडे नाही?" एका घरात दुपार गेली, दुसऱ्यात मुक्काम झाला. थैला जितका रिकामा झाला, त्याहून जास्त भरला. अंथरूण म्हणून पसरायचा तो थैला, पण सुभानाला एकदाही तो पसरता आला नाही, कारण तो कधी मोकळाच झाला नाही.

अखेर वैदूचं झोपडं आलं. वैदूने साल पानात गुंडाळून दिली आणि विचारलं, "वर पाहिलंस का? नखाएवढी कोर उरलीय. पळ आता."

सुभानाने पुडी थैल्यात तळाशी ठेवली, जपून राहावी म्हणून. आणि तो पळाला. खरंच पळाला, पण तसं ओझं घेऊन माणूस किती पळणार? नदीत पाय घसरले. चढणीवर श्वास पुरेना. खिंडीशी पोचला तेव्हा सूर्य मावळतीकडे कलला होता, आणि त्याच्यात उभं राहायची ताकद नव्हती. थैल्याला टेकून तो मटकन खाली बसला.

खडकावर एक टिटवी होती. त्या काळी पक्षी बोलायचे, आणि टिटवी तर फार स्पष्ट बोलायची.

"काय आहे एवढं?" तिने विचारलं.

"साल आहे. बायकोच्या औषधाची."

"एवढी साल?"

"साल ओंजळभरच आहे. बाकीचं लोकांचं."

"मग लोकांचं इथे ठेव, साल मुठीत घे आणि पळ. उतारच आहे. दिवस बुडायच्या आत घरी जाशील."

सुभानाने गाठीला हात घातला. वरची गाठ सोडली, दुसरी सोडली. तुपाची बरणी दिसली, नवं लुगडं दिसलं, कुणाच्या नातवाचा खुळखुळा दिसला. वाटेवर कोल्ह्याने तूप सांडलं तर? लुगडं कुणी नेलं तर? भागूकाकीला काय सांगायचं?

"लोकांची ठेव आहे गं," तो म्हणाला. "विश्वासाने दिलीय."

"आणि बायको? ती कुणाच्या विश्वासावर पडलीय?"

सुभानाने गाठी पुन्हा बांधल्या, गुडघ्यावर हात देऊन उठला आणि ओझं सावरत उतार उतरू लागला. टिटवी ओरडत उडून गेली.

तो गावात शिरला तेव्हा उजाडलं होतं. अमावास्या लागली होती. घराचं दार सताड उघडं, आणि चूल पेटलेली नव्हती. अक्का भिंतीला टेकून बसली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तोंडात पदर कोंबला.

"काल दिवस मावळताना गेली रे," ती म्हणाली. "सारखी दाराकडे बघत होती. 'आले का?' एवढंच विचारायची. मी म्हणायची, येतोय, खिंडीत असेल. संध्याकाळी तिने विचारायचं थांबवलं."

सुभाना रडला नाही. त्याला रडूच येईना. तो थैल्याशेजारी बसून राहिला.

लोक भेटायला आले. ओसरी भरली. तेव्हा सुभाना उठला, त्याने थैल्याच्या गाठी सोडल्या आणि एकेक वस्तू ज्याची त्याला द्यायला सुरुवात केली. "भागूकाकी, हे तुझं तूप. लेक खुशाल आहे. काका, हे लुगडं. हा खुळखुळा तुमचा."

कुणाचा हात पुढे होईना. वस्तू ओसरीवर ओळीने मांडत तो तळापर्यंत गेला. तळाशी पानाची पुडी होती. पान अजून हिरवं होतं. ती कुणाची म्हणून कुणाला द्यायची, ते त्याला कळेना. तो ती हातात धरून उभा राहिला.

भागूकाकी रडत म्हणाली, "अरे सुभाना, या तुपाची मला कुठे घाई होती रे?"

"आमचा वरवंटा पुढच्या वर्षी गेला असता तरी चाललं असतं," दुसरी म्हणाली.

"मग दिलंत कशाला?" अक्का कडाडली. "घरात बाई मरायला टेकली होती, दिसत नव्हतं तुम्हाला?"

माना खाली गेल्या. शेवटी एक म्हातारा हळूच म्हणाला, "थैल्यात जागा दिसली, म्हणून दिलं."

सुभानाने विचारलं, "काका, मी नाही म्हणालो असतो तर?"

"तर काय? ठेवून घेतलं असतं घरात. रागावणार कशाला? औषधाला चाललेल्या माणसावर कुणी रागावतं का?"

तेव्हा कुठे सुभानाच्या तोंडून हुंदका फुटला. ओसरीवरच्या त्या सगळ्या वस्तूंमध्ये तो गुडघ्यांवर पडला आणि लहान पोरासारखा रडला.

पुढे तो पुष्कळ वर्षं जगला. गावाने त्याला कधी एका शब्दाने दुखावलं नाही. सुभानासारखा भला माणूस नाही, असं जो तो म्हणायचा. हेच ऐकायला मिळावं म्हणून तर त्याने जन्मभर जिवाचा आटापिटा केला होता. पण संध्याकाळी घरात शिरला की दिवा लावायलाही त्याला स्वतःलाच उठावं लागायचं.

म्हणून बाळांनो, आणि तुम्हीसुद्धा मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: वाटेला निघताना थैला आपल्या कामाच्या मापाचा घ्यावा; जगाच्या मापाचा घेतला, तर त्यात आपल्याच माणसाला जागा उरत नाही.