गरम इंजिन आणि उदबत्ती

एकदा एक मोटार आजारी पडली आणि तिच्यापायी एका बाईने जगायचं सोडून द्यायचं ठरवलं. अतिशयोक्ती वाटते ना? मग नीट ऐका.

मुरगूडच्या बाजूला नरहरपंत नावाचे एक निवृत्त पोस्टमास्तर राहत. त्यांच्या पत्नी सिंधूकाकू यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. दर सोमवारी आणि गुरुवारी त्यांना डायलिसिससाठी कोल्हापूरला नेणं भाग होतं. एसटीचे धक्के काकूंना सोसत नसत. घरात पंचवीस वर्षांची पांढरी मोटार होती. मागच्या सीटवर उशी टाकून काकू आडव्या होत आणि पंत स्वतः गाडी चालवत. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं.

मग ऊसतोडणीचा हंगाम लागला. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, प्रत्येकामागे दोन-दोन ट्रॉल्या, आणि त्यांच्यामागे मुंगीच्या पावलाने सरकायचं. असं अर्धा तास सरकलं की गाडी हिसके देई, तापमानाचा काटा लाल रेघेला टेके आणि बॉनेटमधून वाफ निघे. एका सोमवारी तर दोनदा असं झालं. दवाखान्यात पोचेपर्यंत काकूंचा नंबर गेला होता. पुढचा सगळा दिवस त्यांना धाप लागत राहिली. शेवटी त्या म्हणाल्या, "पुरे झालं हो. या वयात तुम्ही माझ्यासाठी उन्हात उभं राहायचं, हे मला बघवत नाही. आता मी जायची नाही."

पंत ओसरीवर जाऊन लहान मुलासारखे रडले.

गाडीचं काम बाळगोंडा बघत होता. पस्तिशीचा, हाताला साफ, बुद्धीने तल्लख. दस्तगीर वस्तादांच्या गॅरेजात बारा वर्षं राबून त्याने नुकतंच स्वतःचं दुकान थाटलं होतं. त्याने काय करायचं बाकी ठेवलं? रेडिएटर धुतला, पाण्याचा पंप बदलला. प्लग काढले तर टोकं पांढरीफटक! म्हणजे इंजिनाला हवेच्या मानाने पेट्रोल कमी मिळत होतं, आणि अशी उपाशी ज्वाला जास्त भाजते. निदान अगदी शास्त्रशुद्ध. मग त्याने पेट्रोल आणि हवा जिथे मिसळतात तो कार्बोरेटर साफ केला, पेट्रोल वाढावं म्हणून मोठ्या भोकाचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी तोटी, बसवला, सगळे सांधे आवळले. परिणाम असा की गाडी सकाळी काळा धूर ओकू लागली आणि रस्त्यावर तापायची ती तापलीच.

बुधवारी तो पंतांना घेऊन वस्तादांकडे गेला. मान खाली, तोंड एवढंसं.

वस्ताद सत्तरी ओलांडलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बॉनेटवर तळवा ठेवला, ते गार लागलं तसा हात काढून घेतला.

"पंत, गाडी घ्या आन् कारखान्याच्या रस्त्याला लागा. ट्रॅक्टरच्या मागं मागं फिरा. काटा लालच्या जवळ आला की माघारी या."

पंत चक्रावले. "म्हणजे बिघडवून आणू म्हणता?"

"व्हय की. आजार अंगात असल्याबिगर वैदाला दिसंल कसा?"

तासाभराने गाडी फणफणत परतली. वस्तादांनी इंजिन सुरूच ठेवायला सांगितलं. पेट्रोल कुठे पाझरत नाही ना, ते नळीन् नळी चाचपून पाहिलं, वाळूची बादली जवळ ओढली, पंख्याच्या वाऱ्याला पुठ्ठा आडवा धरायला बाळगोंडाला उभं केलं. आणि मग कोनाड्यातली उदबत्ती काढून पेटवली!

पंतांनी चटकन चपला काढून हात जोडले. बाळगोंडाला मात्र वाटलं, संपलं, वस्तादांची विद्या संपली, आता पिराला नवस बोलायचा तेवढा राहिला.

वस्ताद उदबत्ती इंजिनावरून सावकाश फिरवू लागले. (कृपा करून हा प्रयोग घरी करू नका. वस्तादांचा हात आपल्याला नाही.) धूर सरळ वर जात होता. कार्बोरेटरच्या बुडाशी आल्यावर तो एकाएकी वाकला आणि सांध्याच्या फटीतून सुर्रकन आत ओढला गेला.

"बघ," वस्ताद म्हणाले. "हितनं चोरून हवा आत जातीया. तू पेट्रोल कितीबी वाढव, ही फट त्यावर पाणी फिरवणारच."

"पण वस्ताद, हा सांधा मी चारदा बघितलाय हो! दर वेळी आवळलाय."

"कवा बघितलास?"

"गाडी गार झाल्यावर."

"गार कशाला होऊ दिलीस?"

बाळगोंडा घुटमळला. मग हळूच म्हणाला, "तुम्हीच सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी. गरम इंजिनात हात घालायचा नाही."

वस्तादांनी उदबत्ती विझवली. स्टुलावर बसले.

"आरं लेका," ते म्हणाले, "त्या दिवशी तू तळहात भाजून घेतला हुतास, म्हणून बोललो. ते हाताला सांगितलं हुतं, डोळ्याला न्हवं. तापलं की सांध्याचं हे तोंड वाकतंय, फट उघडती. गार झालं की मिटती. तू हिला नेमकं बरं वाटत असतानाच तपासत हुतास. बारा वर्षं तू माझा शब्द पाळलास, पर त्यो कुठवर पाळायचा ते मी तुला कधी सांगितलंच न्हाई." मग पंतांकडे वळून त्यांनी हात जोडले. "पोराची चूक न्हाई, पंत. माझी हाय."

मी या माणसाला मानतो ते उदबत्तीसाठी नव्हे. युक्त्या पुष्कळांना येतात. पण चार माणसांत शिष्याची चूक सापडल्यावर तिच्यात स्वतःचा वाटा शोधणारा गुरू शंभरात एक. शिकवणाऱ्याने नियमासोबत त्याचं कारणही द्यावं, एवढंच आपण घरी न्यायचं.

दुरुस्ती वस्तादांनी केली नाही. "तूच कर," म्हणाले. बाळगोंडाने काचेवर पॉलिश पेपर ठेवून ते तोंड घासून सपाट केलं, नवं पॅकिंग कापून बसवलं, जुना जेट पुन्हा लावला. गाडी पुन्हा ट्रॅक्टरमागे फिरवून आणली आणि इंजिन गरम असतानाच उदबत्तीचा धूर फिरवून पाहिला. धूर सरळ वर गेला.

गुरुवारी पंतांनी काकूंना विनवून, "एवढी एकच खेप" म्हणून गाडीत बसवलं. पुढे बाळगोंडा बसला. वाटेत ट्रॅक्टरांची रांग लागली आणि पाऊण तास गाडी सरकत राहिली. बाळगोंडाची नजर काट्यावरून हलेना. काटा मधोमध होता आणि तिथेच राहिला. काकू वेळेवर पोचल्या.

परतताना पुन्हा तीच रांग, तेच सरकणं. काकूंचा डोळा लागला होता. कागलच्या पुढे त्यांना जाग आली, तर गाडी चालतच होती. काचेतून त्या उसाच्या मोळ्यांकडे बघत राहिल्या.

मग म्हणाल्या, "अहो, सोमवारी किती वाजता निघायचं?"

पंतांच्या आधी बाळगोंडानेच मागे वळून सांगितलं, "सातला, काकू."