राखलेला खांब

आपल्या डोंगरांत एकही लेणं पुरं झालं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. एका पाथरवटाची एकुलती एक लेक तापाने गेली. त्याचा जीव कशातच रमेना. घरात बायको एका कोपऱ्यात रडे, हा दुसऱ्या कोपऱ्यात गप्प बसे.

पावसाळ्याच्या मुक्कामाला येणाऱ्या भिक्खूंसाठी तो डोंगरात विहार कोरत होता. एकदा वृद्ध भंते लोकांना सांगत होते, "जगात दुःख आहे. त्याला कारण आहे, आपली तृष्णा. तृष्णा सुटली की दुःख सुटतं. आणि चौथं..."

पण चौथं ऐकायला हा थांबतोय कुठला! गडी अर्ध्या हळकुंडाने पिवळा झाला आणि तरातरा घरी आला. नको तेवढं फोडून टाकायचं, एवढंच ना? त्यात तर त्याचा हातखंडा होता.

आधी त्याने गोडधोड सोडलं. मग एक वेळचं जेवण सोडलं. लेकीचं घोंगडं नदीत सोडून आला. शेवटी माया म्हणजेच तृष्णा असं समजून बायकोशी बोलणंही सोडलं.

"अहो, एकदा तरी तिचं नाव घ्या माझ्याजवळ," बायको म्हणाली.

त्याने तोंड फिरवलं.

दुःख मात्र जागचं हललं नाही, उलट वाढलं. बिचाऱ्याला काही कळेना. इतकं सोडलं, आता आणखी काय सोडायचं?

मग एका सकाळी बायकोने गाठोडं बांधलं. "मी माहेरी चालले. इथं दगडाशी बोलून घसा कोरडा पडला माझा."

चला, तेही सुटलं, असं म्हणत तो कामावर आला. पण हलकं वाटायचं सोडून छातीत कळ उठत होती. हे असं का, ते त्याला उमजेना. छिन्नी हातात धरून तो नुसताच बसून राहिला.

तेवढ्यात भंते आले. येताना त्यांना त्याची बायको गाठोडं घेऊन रडत रडत जाताना दिसली होती. मधल्या खांबावर हात ठेवून म्हणाले, "हाही फोडून टाक. दगडच तर आहे."

पाथरवट ताडकन उठला. "भलतंच काय सांगता, भंते! छत डोक्यावर येईल की! आम्ही खांब बाहेरून आणून बसवत नाही. भोवतालचा दगड काढतो आणि खांब राखतो. एकदा फोडला की गेला."

"मग घरातला का फोडलास?"

पाथरवट गोंधळला. "पण भंते, त्यातला दगड कुठला आणि खांब कुठला? माझं डोकं चालेनासं झालंय."

"लेक परत हवी म्हणून आवळलेली मूठ, तो दगड. बायकोचे डोळे पुसायला पुढे होतो तो हात, तो खांब. चौथं हेच सांगणार होतो, बाबा. दुःखातून सुटायचा मार्ग आहे, आणि तो मधून जातो. सगळं धरायचं नाही, सगळं फोडायचंही नाही. नीट बघायचं, नीट बोलायचं, नीट वागायचं."

"मग दुःख संपेल?"

"लेणं एका दिवसात कोरलंस का?"

पाथरवट घराकडे धावत सुटला. बायको गाठोडं घेऊन वेशीपर्यंत पोचली होती. तो तिच्यापुढे उभा राहिला आणि त्याने लेकीचं नाव घेतलं. तिच्या हातून गाठोडं गळून पडलं. वेशीतच बसून दोघं मनसोक्त रडली. त्या दिवशी कित्येक महिन्यांनी त्यांच्या घरी दोन पानं वाढली गेली.

तृष्णा सोडावी, करुणा राखावी; सगळंच फोडणाऱ्याच्या डोक्यावर छत राहत नाही.