धोंडाक्काचा घागरा

पाखरं सगळ्या रानाचे कपडे शिवत, त्या काळातली ही गोष्ट. धोंडाक्का अस्वलिणीला भाचीच्या लग्नात नाचायला घागरा हवा होता. मागच्या लग्नात तिचा घागरा भर मांडवात उसवला होता, म्हणून ती धास्तावली होती.

टाचूनाना शिंपी पक्ष्याने कमरेला दोरी लावताच तिने पोट आत ओढलं.

"आक्का, श्वास सोडा की."

"हीच माझी कंबर. घ्या माप!"

नानाने वाद घातला नाही. त्याने सहज विचारलं, "भाची लहानपणी कशी होती हो?"

"अहो, काय सांगू! मधाच्या पोळ्यात तोंड खुपसून झोपायची!" धोंडाक्का खदखदून हसली. पोट मोकळं सुटलं. नानाने चटकन कंबर मोजली, मग खालचा रुंद घेरही.

दोरी बघून ती हिरमुसली. "एवढी मोठी?"

"हे हसतानाचं माप आहे. लग्नात तुम्ही श्वास कोंडून नाचणार का?"

धोंडाक्काने पोटावरून हात फिरवला. मग म्हणाली, "शिवा."

लग्नात ती पोटभर जेवून नाचायला उतरली. गिरकीसरशी घागरा छत्रीसारखा फुलला.

कोल्हीणबाई कानाशी येऊन म्हणाली, "आक्का, बारीक झालात वाटतं?"

धोंडाक्काने तिचा हात धरला आणि तिलाही नाचायला ओढलं.