चिंचूच्या भिंतीला गेरू

एक होती चिचुंद्री. तिचं नाव चिंचू. नाक लांबलचक, डोळे मोहरीएवढे. चिचुंद्री म्हटलं की लोक नाक मुरडतात. मुरडू देत! चिंचूचं घर बघाल तर बघतच राहाल.

हौसाआजी कुंभारणीच्या अंगणात, मडक्यांच्या मागे, चिंचूचं घर. खाली छान सारवलेलं. कोपऱ्यात चिंध्यांची मऊ मऊ गोधडी. दाराला झेंडूच्या पाकळ्यांचं तोरण. तिच्या आजीचं घर असंच होतं. पणजीचंही असंच होतं. आता राहिली होती फक्त भिंत. भिंतीला खाली गेरूचा लाल लाल पट्टा हवा.

आज संध्याकाळी तिच्या पिल्लांचं बारसं. मावशी येणार, नावं ठेवणार. आणि कोऱ्या भिंतीच्या घरात बारसं होत नाही. चिचुंद्र्यांची रीतच आहे तशी.

चिंचूने शिंपलीत गेरू भिजवला. घाईघाईत गर्रकन वळली. शेपटी लागली. शिंपली उलटली. सांडलं की सगळं! गेरू गेला मातीत.

चिंचू रडली. एवढंसंच रडली. मग नाक पुसलं आणि म्हणाली,

"भिंत रंगवणार म्हणजे रंगवणार!"

तुरुतुरु, तुरुतुरु, भिंतीच्या कडेकडेने निघाली.

हौसाआजी चाकापाशी बसली होती.

"हौसाआजी, हौसाआजी, चिमूटभर गेरू दे ना."

"कुठला गं बाई गेरू! मडकं पार रिकामं झालंय. डोंगरावरून गोणी आणायची, तर गाढव बसलंय रुसून. आधी गाढव उठव."

तुरुतुरु, तुरुतुरु, चिंचू गेली गाढवाकडे.

"गाढवदादा, गाढवदादा, ऊठ ना.
आजी म्हणते, गाढव उठव.
गेरू नाही, भिंत कोरी.
भिंत कोरी, बारसं कसं?"

गाढवाने कान हलवला. फट्!

"पोटात नाही घास, मी कशाला उठू? आधी गवत आण."

गवत होतं रानात. रानात भिंत कुठली? आणि चिचुंद्री तर भिंतीला घासूनच चालते. चिंचू भिंतीच्या टोकाशी थबकली.

"भिंत रंगवणार म्हणजे रंगवणार!"

तुरुतुरु, तुरुतुरु, मोकळ्या रानातून गेली.

"गवतदादा, गवतदादा, हिरवं हो ना.
गाढव म्हणतं, गवत आण.
आजी म्हणते, गाढव उठव.
गेरू नाही, भिंत कोरी.
भिंत कोरी, बारसं कसं?"

गवत म्हणालं, खरखर खरखर, "माझा घसा कोरडा. आधी पाणी आण."

तुरुतुरु, तुरुतुरु, चिंचू गेली ओढ्याकडे.

"ओढेमामा, ओढेमामा, वाहा ना.
गवत म्हणतं, पाणी आण.
गाढव म्हणतं, गवत आण.
आजी म्हणते, गाढव उठव.
गेरू नाही, भिंत कोरी.
भिंत कोरी, बारसं कसं?"

ओढा म्हणाला, डुबुक डुबुक, "वाटेत दगड बसलाय. आधी दगड हलव."

तुरुतुरु, तुरुतुरु, चिंचू गेली दगडाकडे.

"दगडोबा, दगडोबा, हला ना.
ओढा म्हणतो, दगड हलव.
गवत म्हणतं, पाणी आण.
गाढव म्हणतं, गवत आण.
आजी म्हणते, गाढव उठव.
गेरू नाही, भिंत कोरी.
भिंत कोरी, बारसं कसं?"

दगड म्हणाला, "मला काय पाय आहेत? कुणी खालची माती उकरली, तर हलेन. आधी खेकडा बोलाव."

तुरुतुरु, तुरुतुरु, चिंचू गेली खेकड्याच्या बिळाशी. ऊन कललं होतं. पाय दुखत होते.

"खेकडेकाका, खेकडेकाका, माती उकरा ना.
दगड म्हणतो, खेकडा बोलाव.
ओढा म्हणतो, दगड हलव.
गवत म्हणतं, पाणी आण.
गाढव म्हणतं, गवत आण.
आजी म्हणते, गाढव उठव.
गेरू नाही, भिंत कोरी.
भिंत कोरी, बारसं कसं?"

खेकडा बाहेर आला. तिरका तिरका आला.

"तुझी भिंत कोरी, तर माझं दार नाही का कोरं? साधा ठिपका नाही त्याला. मी रेघ काढली, की ती वाकडीच जाते. आधी माझं दार सजव."

आता मात्र चिंचूला राग आला. आपली भिंत कोरी, आणि दुसऱ्याचं दार सजवायचं? पण तिने दाराकडे पाहिलं. अगदीच उघडंबोडकं दार! तिला राहवेना.

चिंचूने ओली पांढरी माती घेतली. शेपटीचं टोक बुडवलं. आणि ठिपके काढले. ठिप् ठिप् ठिप्! दाराभोवती गोल गोल ठिपके. वर एक पान. खाली दोन पानं.

खेकड्याने एक डोळा इकडे फिरवला, एक डोळा तिकडे फिरवला.

"हे माझं दार?" तो म्हणाला. "माझंच?"

"तुमचंच, काका!"

खेकडा इतका खूश झाला, इतका खूश झाला, की तिरका तिरका धावतच सुटला.

खेकड्याने माती उकरली. खरर्र खरर्र!
दगड हलला. गडगड धप्प!
ओढा वाहिला. खळखळ खळखळ!
गवत हिरवं झालं. सळसळ सळसळ!
चिंचूने गवत नेलं, गाढवाने खाल्लं. कचर कचर!
गाढव उठलं. दुडुदुडु डोंगरावर गेलं, दुडुदुडु परत आलं. पाठीवर गेरूची गोणी!

हौसाआजी म्हणाली, "चिमूटभर कशाला गं बाई? घे चांगली वाटीभर!"

चिंचूने गेरू भिजवला. या वेळी शेपटी वर धरून भिजवला बरं का! मग भिंतीला पट्टा काढला. सर्र सर्र सर्र! लाल लाल, सरळ सरळ पट्टा. घर कसं ऊबदार दिसायला लागलं.

मावशी आली. पणती लागली.

"पिल्लांनो, या रे!"

पिल्लं आली. पहिल्याची शेपटी दुसऱ्याच्या तोंडात. दुसऱ्याची शेपटी तिसऱ्याच्या तोंडात. चौथं, पाचवं, लांबच लांब आगगाडी! आणि चिचुंद्रीचीच पिल्लं ती. आली भिंतीला घासून!

भिंत होती ओली. पाचही पिल्लं एका बाजूने लालेलाल झाली. आणि पट्ट्यावर उमटली एक लांब, केसाळ, वेडीवाकडी रेघ.

मावशीने कपाळावर हात मारला. "पूस गं ती रेघ! पट्टा बिघडला सगळा."

चिंचूने रेघेकडे पाहिलं. पिल्लांकडे पाहिलं.

"नाही पुसणार म्हणजे नाही पुसणार!" ती म्हणाली. "माझी पिल्लं आहेत ना त्यात!"

मग पाच लाल पिल्लांची पाच नावं ठेवली. सगळ्यांनी गूळ-खोबरं खाल्लं. आणि पिल्लं गोधडीत शिरून झोपली गाढ.

झाली आमची गोष्ट. आता तुमची बोटं दाखवा बघू, गेरू कुणाकुणाला लागला?