कोठारात तांदूळ, पण भात नाही

खूप जुनी गोष्ट. नदीच्या अलीकडे एक राज्य होतं, पलीकडे एक. एका सकाळी अलीकडच्या कुंभाराची मुलगी तूस मागायला निघाली. मातीत कालवायला ओंजळभर पुरे होतं. पण सारं गाव पालथं घातलं तरी तूस मिळालं नाही.

ती दचकली. तशी ती पान पडलं तरी दचकायची. गाव तिला 'दचकी'च म्हणायचं.

"बाबा, तूस नाही म्हणजे कुणी भात कांडत नाही. कांडत नाही म्हणजे पिकवतच नाही!"

"कशाला पिकवायचा?" बाप हसला. "शेवटच्या दोन शेतांतही यंदा मोगरा लागला. मोगऱ्याच्या होड्या तिकडे जातात, पांढऱ्याशुभ्र तांदळाच्या इकडे येतात. कांडायची कटकट मिटली."

त्याच आठवड्यात प्रधानाने दोन्ही राज्यांची कोठारं मोजून दवंडी पिटली. पलीकडचं निम्मं, आपलं काठोकाठ. आपणच पुढे!

दचकी दरबारात गेली. "प्रधानजी, यातलं पेरायचं कुठलं?"

"दचके, तुला भरलेलं कोठारसुद्धा बघवत नाही होय?" प्रधान म्हणाला आणि दरबार खो खो हसला.

पुढच्या वर्षी पावसाने ओढ दिली. पलीकडच्या राजाचा निरोप आला, "यंदा आमच्यापुरतंच आहे. राग मानू नका."

अलीकडचा राजा डगमगला नाही. "मोगरा उपटा. कोठार उघडा. तांदूळ पेरा!"

लोकांनी पोतीच्या पोती तांदूळ पेरला. दहा दिवस झाले, एक कोंब दिसेना. साळुंक्या तेवढ्या गुबगुबीत झाल्या. मग म्हाताऱ्यांना आठवलं, की कांडून तूस काढलेला तांदूळ कधी उगवत नसतो. उगवतो तो तुसासकटचा भात. आणि तुसासकट एक दाणा राज्यात नव्हता.

उरलेला तांदूळ बेताने खाल्ला तर वर्ष निघालं असतं. पण त्याच्या पुढे काय? पेरणीचे तर आठच दिवस राहिले होते.

दचकी नदीवर गेली. पलीकडच्या काठाकडे तोंड करून ओरडली, "भात द्या हो! टोपलीभर भात द्या!"

पहिल्या दिवशी कुणी बघितलंही नाही. दुसऱ्या दिवशी एक नावाडी आला. त्याने केळीच्या पानावर वाफाळता भात ठेवला, वर लोणच्याची फोड. "जेव, बाय. उपाशी दिसतेस."

"अहो दादा, हा भात नाही..."

"मऊ हवा होता का? आमच्या घरी मोकळाच करतात," म्हणत त्याने नाव वळवलीसुद्धा.

दचकीला हसूही आलं, रडूही आलं. भात गरम होता, तो तिने खाल्ला. पण आता ओरडायचं तरी काय?

तिसऱ्या दिवशी तिने ओचे खोचले आणि ती गुडघाभर पाण्यात शिरली. लहानपणी आजीला लावणी करताना पाहिलं होतं, तशी कंबरेत वाकली. रिकाम्या हाताने जणू एक एक रोप खोचत, एक एक पाऊल मागे सरू लागली. मागे न बघता चालायचं, म्हणून जीव घाबरा होत होता. तरी हाक चालूच होती, "भात द्या हो, भात!"

सूर्य डोक्यावर आला. घसा बसला. आणि पलीकडच्या बांधावरून एका म्हातारीचा खणखणीत आवाज आला,

"अगं, पेरायचा भात हवाय होय तुला? मग तसं सांग की, बये! तुमच्या अख्ख्या राज्याला जेवू घालणं आम्हाला जमायचं नाही. पण बियाण्याची कणगी आम्ही उपाशी राहूनही ठेवलीय. थांब, टोपली भरून आणते. टोपलीचं यंदा शेत होईल, शेताचं पुढल्या साली गाव. आणि आमचं पीक बुडालं, तर मी येईन तुझ्या काठावर ओरडत!"

मुलांनो, आणि मोठ्यांनो, कोठार मोजायचं तर आधी त्यातलं बियाणं मोजावं.